सव्वीसच बाद

वेल्स शोधायला गेले आणि तेलाच्या विहिरी सापडल्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात हे आडनाव टाकलं की टेक्ससमधल्या यच्चयावत ऑइल वेल्स समोर यायच्या. त्यानंतर बँका, मग विहिरी खणून देणाऱ्यांच्या जाहिराती. असं पंधरा-वीस पानं उपसल्यावर कुठेतरी कोपऱ्यात एक ओळ लागायची: ‘वेल्स, एसएस’. पुढे चार-पाच आकडे, तेही निम्मे पुसलेले.

एसएस म्हणजे शॉर्टस्टॉप, बेसबॉलमधली क्षेत्ररक्षकाची एक जागा. माणसाचं नाव विली वेल्स. जन्म ऑस्टिनचा, म्हणजे मी गेली अकरा वर्षं राहते त्याच गावचा, १९०६ चा. आणि मी, गिरगावातल्या चाळीत वाढलेली, बेसबॉलला ‘त्यांचं क्रिकेट’ म्हणून नाक मुरडणारी बाई, शनिवारच्या शनिवार विद्यापीठाच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मचं हँडल फिरवत बसायला लागले. का, ते सांगायला हवं.

माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते. इथे पालकांनी काही ना काही काम अंगावर घ्यायचं असतं. कोणी संत्री कापून आणतं, कोणी मैदानावर खडूच्या रेघा मारतं. स्कोअरची वही कोणालाच नको असते. ती माझ्याकडे आली आणि मला बरंच वाटलं. माझे बाबा कांगा लीगचे सामने लिहायचे. भर पावसाळ्यातलं ते क्रिकेट, ओलं मैदान, ताडपत्रीखाली टेबल, खिशात दोन पेन्सिली, दोन्ही दोन्हीकडून टोक केलेल्या. पेनाने लिहिलेला स्कोअर म्हणजे गर्विष्ठ माणसाचा स्कोअर, असं ते म्हणत. तेव्हा वही मी आनंदाने घेतली, पण पहिल्याच दिवशी कळलं की यातलं आपल्याला ओ की ठो येत नाही.

बेसबॉलच्या स्कोअरमध्ये माणसं नसतात, आकडे असतात. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा असतो तो शॉर्टस्टॉप ६. पुढचे तीन बाहेरच्या मैदानातले. शॉर्टस्टॉपने जमिनीवरून आलेला चेंडू अडवला, सेकंड बेसकडे दिला, तिने तो फर्स्टला फेकला आणि दोन जणी बाद झाल्या, की वहीत एवढंच लिहायचं: ६-४-३. मात्र या तीन आकड्यांतून पुढे हिशेब फुटतो. जिच्या हातात चेंडू असताना समोरची बाद झाली तिला ‘पुटआउट’, जिने तो पोचवला तिला ‘असिस्ट’. म्हणजे या दोन बळींत चारला एक पुटआउट आणि एक असिस्ट, तीनला एक पुटआउट आणि सहाला एक असिस्ट. आपल्याकडे धावबाद लिहिताना फेकणाऱ्याचं नाव कंसात घालायचं की नाही यावर वाद होतात. इथे प्रत्येक हाताची नोंद. बॉक्स स्कोअरची, म्हणजे सामन्याच्या या आकड्यांच्या तक्त्याची, पद्धत रूढ करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आणि आधी क्रिकेटचा बातमीदार होता, हे कळलं तेव्हा माझं नाक थोडं सरळ झालं.

वेल्स आमच्या घरात आला तो एका रुसव्यामुळे. लेकीच्या फेकीत दम नाही म्हणून कोचने तिला शॉर्टस्टॉपवरून सेकंड बेसवर हलवलं. शॉर्टस्टॉपपासून फर्स्ट बेस लांब पडतो, सेकंडवरून जवळ, त्यामुळे निर्णय चुकीचा नव्हता. पण तिच्या लेखी ती पदावनती होती. सामना संपल्यावर ती बाकावर तोंड फुगवून बसली होती. आमच्याकडे पंच म्हणून येणारे एक सत्तरीचे कृष्णवर्णीय आजोबा सामान आवरता आवरता तिला म्हणाले, याच गावात एक शॉर्टस्टॉप होऊन गेला, त्याच्याही हातात जोर नव्हता, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. भेटायचं असेल तर सातव्या रस्त्यावर जा.

सातव्या रस्त्यावर म्हणजे टेक्सस स्टेट सिमेट्रीत. आम्ही गेलो. गव्हर्नर, सेनापती, ज्याच्या नावाचं हे शहर तो स्टीफन ऑस्टिन, सगळे मान्यवर तिथे ओळीने झोपलेत. वेल्सला त्यांच्यात जागा मिळाली ती २००४ मध्ये. १९८९ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा त्याला एव्हरग्रीन दफनभूमीत पुरलं होतं. ती नगरपालिकेने १९२६ मध्ये काळ्या लोकांसाठी वेगळी काढलेली. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, शहराचा जो आराखडा झाला त्यात तर सरळच होतं की काळ्या वस्तीच्या शाळा, बागा, सोयी पूर्वेकडेच द्यायच्या, म्हणजे माणसं आपोआप तिकडे सरकतील. सरकली. आजही आमच्याकडे हायवेच्या अलीकडे-पलीकडे म्हटलं की जुन्या माणसांना ते पुरतं समजतं.

वेल्स हा आराखडा होण्यापूर्वीच गावाबाहेर पडला होता. इथल्या ऑस्टिन ब्लॅक सेनेटर्सकडून खेळून तो १९२४ मध्ये सेंट लुईस स्टार्स या संघात गेला. गोऱ्यांच्या मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगची, दारं बंद होती. कुठल्याही नियमपुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या मालकांनी ते पाळलं होतं. म्हणून रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत काही संघमालकांना एकत्र आणून निग्रो नॅशनल लीग उभी केली. स्टार्स त्याच लीगमधला. तिथे वेल्सबरोबर कूल पापा बेल होता, म्यूल सटल्स होता, आणि या संघाने १९२८, १९३० आणि १९३१ मध्ये लीग जिंकली.

मे २०२४ मध्ये बातमी आली की मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगांची आकडेवारी आपल्या अधिकृत आकड्यांत मिळवून घेतली. २,३०० हून अधिक खेळाडू एका दिवसात त्या आकड्यांत आले, त्यातले जवळजवळ सगळे हयात नसताना. निग्रो लीगांमधल्या जॉश गिब्सनची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे हिट) .३७२ धरली गेली आणि गोऱ्या टाय कॉबची .३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेली. दोन दिवस रेडिओवर तेवढीच चर्चा. लेकीने फोनवर वेल्स शोधला. सरासरी, होम रन, सगळं होतं. ती स्क्रीन वरखाली करत राहिली आणि म्हणाली, “आई, पण ह्याचे थ्रो कुठेत?”

खरंच की. वेल्सचं वेगळेपण सांगताना प्रत्येक जण हेच सांगतो की त्याचा हात कमजोर होता. म्हणून तो ग्लोव्हच्या तळव्यातलं भरण काढून टाकायचा, म्हणजे चेंडू ग्लोव्हमध्ये रुतून न बसता लगेच दुसऱ्या हातात यायचा. फलंदाज कोण, पिचर काय टाकणार, हे पाहून तो आधीच सरकून उभा राहायचा. त्याची फेक म्हणे हळूच जायची आणि धावणाऱ्याच्या अर्धं पाऊल आधी पोचायची, दरवेळी अर्धंच पाऊल. हे अर्धं पाऊल मांडणारा रकाना कुठल्याही वहीत नाही. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा म्हणजे ‘ए’, असिस्ट. म्हणून मी ठरवलं की एक मोसम घ्यायचा आणि त्याचे असिस्ट स्वतः मोजायचे. सुट्टीत होईल, असं वाटलं होतं. बाबा असते तर हसले असते.

सेंट लुईसचं स्टार्स पार्क डोळ्यांसमोर आणायला मला फार वेळ लागला, कारण तिथे आता एका विद्यापीठाचं मैदान आहे. मूळ पार्कात डावीकडे ट्रामची कारशेड होती आणि तिच्यामुळे त्या बाजूची सीमा अगदीच आखूड, साधारण २५० फुटांवर. वेल्स उजव्या हाताने फटके मारायचा. १९२९ चे त्याचे २७ होम रन नेहमी सांगितले जातात, पण त्यातले काही त्या कारशेडच्या छपराला वाहायला हरकत नसावी. हे म्हटलं की काही भक्त रागावतात. मला त्यात त्याचा कमीपणा वाटत नाही. ब्रेबर्नची आणि चाळीच्या गल्लीची बाउंड्री सारखी नसते, आणि गल्लीत खेळायला लावलेल्याने गल्लीचा फायदा घेऊ नये की काय?

तर मायक्रोफिल्म. यंत्रावर रीळ चढवायचं, दिवा लावायचा, हँडल फिरवायचं. पानं सर्रकन पुढे जातात आणि अर्ध्या तासात बोट लागल्यासारखं डोकं गरगरतं. मी आलेपाक घेऊन जायला लागले. (ग्रंथालयात खायला मनाई आहे. गालात धरलेला आलेपाक खाण्यात मोडत नाही, असं मी ठरवलं.) शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कूरियर, सेंट लुईस आर्गस ही सगळी कृष्णवर्णीयांची साप्ताहिकं होती. रोजचं वर्तमानपत्र नसल्यामुळे आठवड्याचे पाच-सहा सामने एका पानात कोंबायचे. रविवारच्या डबलहेडरला, म्हणजे एकाच दिवशीच्या दोन सामन्यांना, जागा मिळे, मंगळवारच्या सामन्याला एक ओळ. बाहेरगावच्या सामन्यांची खबर बऱ्याचदा संघच कळवायचे, आणि हरलेल्या संघाला टपालाला पैसे घालायची घाई नसे. गोऱ्यांच्या दैनिकांत कधी दोन इंच, कधी काहीच नाही. १९२० ते १९४८ या २९ वर्षांचे बॉक्स स्कोअर अंदाजे ७५ टक्केच हाती लागलेत, आणि तेही कित्येक अभ्यासकांनी वर्षानुवर्षं अशीच हँडलं फिरवून. सीमहेड्सचा निग्रो लीगांचा डेटाबेस आज फुकट पाहता येतो. त्यामागे माझ्यासारख्यांचे नव्हे, माझ्यापेक्षा कितीतरी चिकाटीच्या माणसांचे डोळे गेलेत.

माझा रकाना मात्र मला सारखा हुलकावण्या द्यायचा. कारण अगदी साधं निघालं. पूर्ण बॉक्स स्कोअरमध्ये प्रत्येक नावापुढे सहा आकडे असतात: एबी (फलंदाजीच्या संधी), आर (धावा), एच (हिट), पीओ (पुटआउट), ए (असिस्ट), ई (एरर, म्हणजे चूक). पहिले तीन फलंदाजीचे, नंतरचे तीन क्षेत्ररक्षणाचे. पानात जागा कमी पडली की जुळारी शेवटचे तीन उडवायचा. फलंदाजाचं काही बिघडत नाही, पिचरचा आकडा खाली वेगळा दिलेला असतो. शॉर्टस्टॉपचा मात्र अर्धा धंदाच पानावरून गायब. तो तिथे दिवसभर वाकून उभा होता, चेंडू अडवत होता, आणि छापलं काय, तर चारपैकी एक हिट. पहिल्या चार शनिवारांत मला जितके सामने मिळाले त्यातल्या निम्म्यांत ‘ए’ नव्हता.

ज्यांत होता ते मी एक्सेलमध्ये भरायला लागले. असिस्ट ४, असिस्ट ७, असिस्ट २. नावांचा गोंधळ वेगळाच. कधी ‘वेल्स’चा एक एल गेलेला, कधी ‘विल्स’, कधी नुसता ‘डब्ल्यू’. भरताना ताळा करायचा असतो, आणि तो मला फार आवडला. एका संघाचे एबी, बाहेरच्या चार चेंडूंवर चालत बेसवर गेलेले, सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन सोबतीणीला पुढे सरकवणारे फटके) आणि चेंडू लागून बेसवर गेलेले यांची बेरीज, ही त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि समोरच्या संघाचे पुटआउट यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. येणार कशी नाही, जो फलंदाज प्लेटवर आला तो एक तर धाव काढेल, नाही तर अडकेल, नाही तर बाद होईल. चौथी गत नाही. बाबा गोलंदाजांच्या धावा, फलंदाजांच्या धावा आणि अवांतर जुळेपर्यंत टेबल सोडत नसत. पाऊस आत आला तरी वही छातीशी धरून जुळवत.

लीग १९३१ अखेर कोसळली. मंदीच होती. त्यानंतर वेल्सचा प्रवास नकाशावर आखायचा म्हणजे रेघांचं जाळं होतं: डेट्रॉइट, शिकागो, १९३६ पासून नुआर्क. नुआर्क ईगल्सची मालकी एब मॅनली आणि त्याची बायको एफा यांची. एफाबाई हिशेब, करार, खेळाडूंचे पगार सगळं बघायच्या, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली बाई. त्या संघाच्या इनफिल्डला, म्हणजे बेसभोवतीच्या चौघांना, ‘मिलियन डॉलर इनफिल्ड’ म्हणत. फर्स्टला सटल्स, सेकंडला डिक सी, शॉर्टला वेल्स, थर्डला रे डँड्रिज. मिलियन डॉलर कोणी दिले नव्हते, हे वेगळं सांगायला नको. गोऱ्या संघात असते तर ती किंमत झाली असती, असा त्या नावाचा अर्थ.

डँड्रिजचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेंगड्या पायांचा थर्ड बेसमन. त्याच्या पायांतून आगगाडी जाईल पण चेंडू जाणार नाही, अशी ख्याती. १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला घेतलं तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला. त्यांनी त्याला खालच्या लीगमध्ये मिनिअ‍ॅपोलिसला ठेवलं. १९५० मध्ये तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९५१ मध्ये त्याच संघात विली मेज नावाचा विशीचा पोरगा आला, ३५ सामन्यांत .४७७ ने खेळला आणि मे महिन्यात वर गेला. डँड्रिजला वरून बोलावणं आलंच नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. दार उघडल्यावरही आत किती जणांना घ्यायचं याचा हिशेब कोणी तरी ठेवत होतं.

वेल्स १९४० मध्ये मेक्सिकोला गेला. तिथे त्याला ‘एल दियाब्लो’ म्हणत, सैतान. कूरियरमध्ये १९४४ साली त्याचं म्हणणं छापून आलं होतं. पगाराचा मुद्दा होताच, पण त्याने सांगितलं ते असं की इथे मी कुठेही राहतो, कुठेही जेवतो, इथे मी माणूस आहे. ही वर्षं मेजर लीगच्या आकड्यांत धरलेली नाहीत, कारण मेक्सिकन लीग वेगळी. गावोगाव फिरून खेळलेले, लीगबाहेरचे सामनेही नाहीत, आणि उन्हाळ्यात जेमतेम ६०-९० लीगचे सामने आणि उरलेले दिवस बसमधून फिरत मिळेल त्याच्याशी खेळायचं, असाच तो धंदा होता. म्हणजे जो माणूस वर्षभर उभा आहे त्याच्या वर्षाची एक फाक अधिकृत.

मध्यंतरी १९४२ मध्ये तो नुआर्कला परत आला. एका सामन्यात चेंडू डोक्यावर बसला आणि तो बेशुद्ध पडला. पुढे तो बांधकामावरच्या मजुराची टणक टोपी डोक्यावर घालून फलंदाजीला उतरला, असं सांगतात. लेकीने आपलं हेल्मेट काढून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं होतं, हे ऐकून.

आणि जॅकी रॉबिन्सन. १९४४-४५ मध्ये तो ऑस्टिनला, सॅम ह्यूस्टन कॉलेजात बास्केटबॉल शिकवत होता. तिथले प्राचार्य कार्ल डाउन्स त्याचे गुरू. १९४५ मध्ये तो कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून शॉर्टस्टॉप खेळला. पण मोठ्या संघात जायचं तर त्याला शॉर्टवरून हलावं लागणार होतं, हाताच्या जोराचीच शंका होती. सेकंड बेसवर डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद) कसा वळवायचा हे त्याला चाळिशीच्या वेल्सने शिकवलं, असं म्हणतात. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. वेल्स तेव्हा एकेचाळिशीकडे झुकलेला, त्याच्यासाठी कोणी फोन करणार नव्हतं.

हे वाचलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी ड्राइव्हवेवर. बेस म्हणून पायपुसणं. मी शॉर्टस्टॉप, ती सेकंड. चेंडू येतानाच बेसवर पोचायचं, दोन्ही हात पुढे, डाव्या पायाने बेस घासत पुढे निघायचं आणि त्याच लयीत उजवा पाय रोवून फेकायचं. थांबलं की संपलं, कारण समोरून पाय पसरून घसरत येणारी पोरगी नडगी फोडते. “आई, तू फार हळू देतेस.” मग, “आई, तू फार जोरात देतेस.” शेवटी जमलं तेव्हा चेंडू गॅरेजच्या दारावर आपटला आणि तिथे एक पोचा आला, तो अजून आहे. शॉर्टस्टॉपचा विषय त्यानंतर तिने काढला नाही.

मला अधूनमधून दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवायचे. पुण्याच्या क्लबात गोऱ्यांना गोलंदाजी करणारे, आणि हिंदूंच्या संघातून खेळताना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही, १९२३ मध्ये ते त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तुलना पुढे न्यायचा मोह होतो. पण बाळूंना निदान त्याच मैदानावर, सवर्णांच्याच संघात घेतलं होतं. वेल्सला मैदानच वेगळं. दोन अन्याय एकमेकांवर ठेवून मापू नयेत म्हणून मी तो कागद फाडला.

माझा मोसम पुरा झालेला नाही. एका रविवारच्या डबलहेडरचा दुसरा सामना अडलाय. स्टार्स घरच्या मैदानावर, पूर्ण नऊ इनिंग, सहाही रकाने छापलेले, वेल्सच्या नावापुढे असिस्ट ६. आणि स्टार्सचे पुटआउट सव्वीसच. नऊ इनिंगचे तीन-तीन म्हणजे सत्तावीस हवेत. शेवटच्या इनिंगमध्ये दोन बाद असताना घरचा संघ जिंकला तर पाहुण्या संघाचे सव्वीस भरतात, पण घरच्या संघाचे नाहीत. कधी खाली तळटीप असते, अमका फटकावलेला चेंडू अंगाला लागून बाद. इथे नव्हती. तीन रिळांत शोधलं, दुसऱ्या साप्ताहिकात तो सामना नुसत्या एका ओळीत. सेकंड बेसच्या नावापुढचा ‘पीओ’ शाईच्या डागात बुडालाय. २ असेल, ३ ही असेल. ३ धरला तर ताळा लागतो. मी ३ लिहिलं, खोडलं, आणि तो चौकोन पिवळा करून ठेवला.

त्या शनिवारी सकाळी आठला सामना होता, म्हणून ग्रंथालय दुपारवर ढकललं. चौथ्या इनिंगला शॉर्टस्टॉपने चेंडू छान दिला, लेक बेसवर वेळेत पोचली, वळली, आणि चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागून खाली पडला. दोघी वाचल्या. बाजूच्या आईने माझ्या वहीत डोकावून, “हिट देऊन टाक ना, किती अवघड होता,” असं म्हटलं. मी पेन्सिलीचं टोक बघितलं आणि लिहिलं, ई-४.

गाडीत ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.